बिंदूची रेघ : अबिंदुकतेच्या शोधाची कहाणी

शाळेच्या विज्ञानात डोळ्यांच्या दोषांचा पाठ असतो. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि वृद्धदृष्टिता या तिन्हींच्या किरणाकृती मुले काढतात, अंतर्वक्र आणि बहिर्वक्र भिंगांचा उपाय लिहितात, आणि पाठ बहुधा तिथेच संपतो. आता वर्गातल्या एखाद्या चष्मेवाल्या मुलाकडून त्याच्या नंबरचा कागद मागून घ्या. प्रत्येक डोळ्यापुढे तीन रकाने दिसतील : स्फेरिकल, सिलिंड्रिकल आणि ॲक्सिस. पहिल्या रकान्याचा अर्थ आपल्या पाठात सापडतो; उरलेल्या दोन रकान्यांचा सापडत नाही. 'त्याला सिलिंड्रिकल नंबर आहे' एवढेच घरात बोलले जाते. सिलिंडर म्हणजे काय आणि तो डोळ्यात कुठून आला, हे विचारायचे राहूनच जाते.

या दोन रकान्यांमागे जो दोष आहे त्याला ॲस्टिगमॅटिझम म्हणतात. मराठीत त्याला अबिंदुकता हा समर्पक शब्द आहे. हा दोष १८०० साली मोजला गेला आणि १८२५ साली त्यावरचा पहिला चष्मा तयार झाला. सर्वसामान्य रुग्णापर्यंत मात्र हे ज्ञान १८६२ नंतरच पोचू लागले. दोष मोजून झाला होता, उपायही हाती होता. मग साठ वर्षे का जावी लागली? या इतिहासातला हाच प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर आजच्या वर्गालाही लागू पडते.

दोष नेमका कशात असतो?

चेंडूच्या पृष्ठभागावरून कोणत्याही दिशेने बोट फिरवा, वक्रता सारखीच जाणवेल. सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबचे तसे नाही. ट्यूबच्या लांबीच्या दिशेने बोट फिरवले तर मोठ्या वर्तुळाची मंद वक्रता जाणवते. तिच्या जाडीभोवती फिरवले तर लहान वर्तुळाची तीव्र वक्रता जाणवते. आपल्या डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत आपण ते चेंडूसारखे गोल धरतो. प्रत्यक्षात ते थोडेसे ट्यूबसारखे असले, की उभ्या पातळीतले किरण एका अंतरावर एकत्र येतात आणि आडव्या पातळीतले दुसऱ्याच अंतरावर. मग बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही.

'थोडेसे' म्हणजे किती? डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर आणि त्यांपैकी सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या पारपटलाची. त्याच्या पुढच्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर असते. समजा, एका दिशेने ही त्रिज्या ७.८ मिलिमीटर आहे आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने ७.६ मिलिमीटर आहे. नखाच्या जाडीपेक्षाही कमी अशा या फरकाने दोन दिशांच्या शक्तींत सुमारे १ डायॉप्टरचे अंतर पडते. तेवढे अंतर फळ्यावरची अक्षरे पुसट करायला पुरते.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. सरळ उभ्या भिंतीचा काचेचा गोल ग्लास पाण्याने भरा. खोलीत अंधार करून तीन-चार मीटरवर मेणबत्ती ठेवा आणि ग्लासाच्या मागे पांढरा कागद धरा. ग्लासाच्या मागच्या भिंतीपासून साधारण त्याच्या त्रिज्येइतक्या अंतरावर कागद आला की त्यावर प्रकाशाची उभी रेघ उमटते. पाण्याचा हा दंडगोल आडव्या पातळीतले किरण गोळा करतो, उभ्या पातळीतल्या किरणांना वळवत नाही. म्हणून ज्योतीची प्रतिमा न मिळता रेघ मिळते. अबिंदुक डोळा म्हणजे एक गोलाकार भिंग आणि त्याला चिकटलेला असा एक सौम्य दंडगोल. नंबरच्या कागदावरचा 'सिलिंडर' तो हाच; त्याची शक्ती दुसऱ्या रकान्यात आणि त्याच्या अक्षाची दिशा तिसऱ्या रकान्यात अंशांत लिहिलेली असते.

टॉमस यंगचा डोळा

प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या प्रयोगामुळे टॉमस यंग (१७७३–१८२९) हे नाव विज्ञानाच्या शिक्षकांना परिचित असते. यंग व्यवसायाने डॉक्टर होता आणि डोळा हा त्याच्या अगदी सुरुवातीच्या संशोधनाचा विषय. २७ नोव्हेंबर १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे डोळ्याच्या यंत्रणेवर व्याख्यान दिले. ते १८०१ मध्ये छापले गेले. जवळची आणि दूरची वस्तू पाहताना डोळ्यात नेमके काय बदलते, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना त्याला स्वतःच्या डोळ्यातला हा दोष सापडला.

त्याचे उपकरण साधे होते. डोळ्यासमोर जवळजवळ असलेल्या दोन बारीक फटी ठेवायच्या आणि त्यांतून डोळ्यापासून दूर जाणाऱ्या एका सरळ रेषेकडे पाहायचे. दोन फटींमुळे ती एक रेषा दोन रेषांसारखी दिसते, आणि या दोन रेषा ज्या ठिकाणी एकमेकींना छेदताना दिसतात त्या अंतरावर डोळा केंद्रित झालेला असतो. फटी आडव्या दिशेत शेजारी-शेजारी असताना यंगला छेद ७ इंचांवर दिसला. उपकरण फिरवून फटी एकीखाली एक आणल्यावर तोच छेद १० इंचांवर गेला. डोळा तोच, स्थिती विश्रामाची, तरीही आडव्या आणि उभ्या पातळींत उत्तरे वेगळी.

आजच्या एककात मांडले तर १० इंच म्हणजे २५.४ सेंटिमीटर, म्हणजे ३.९ डायॉप्टर, ७ इंच म्हणजे १७.८ सेंटिमीटर, म्हणजे ५.६ डायॉप्टर. फरक १.७ डायॉप्टरचा. हा आकडा लहान नाही. तरीही या दोषामुळे आपल्याला कधी अडचण जाणवली नाही, असे यंगने नोंदवले आहे. हे वाक्य शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्याने जन्मापासून जग असेच पाहिले, त्याला ते वेगळे असू शकते हे कसे कळणार? इतका सूक्ष्म निरीक्षक असलेल्या माणसालासुद्धा हा दोष तक्रारीतून कळला नाही, मोजमापातून कळला.

दोष पारपटलात आहे की आतल्या भिंगात, हेही यंगने तपासले. एका लहान सूक्ष्मदर्शकाचे बहिर्वक्र भिंग बसवलेली उथळ खोबणी त्याने घेतली, तिच्यात थंड पाणी भरले आणि ती उघड्या डोळ्याला लावली. पाण्याचा आणि पारपटलाचा अपवर्तनांक जवळजवळ सारखाच असल्याने पारपटलाचे वळवण्याचे काम थांबते. ती उणीव बाहेरचे भिंग भरून काढते. या स्थितीतही दोन दिशांमधला फरक कायम राहिला. तेव्हा आपला दोष पारपटलात नसून आतल्या भिंगात आहे, असा निष्कर्ष यंगने काढला. याच प्रयोगात जवळ-दूर पाहण्याची क्षमताही टिकून राहिली, आणि समायोजन आतल्या भिंगामुळे होते या त्याच्या मताला भक्कम आधार मिळाला. आज आपण जाणतो की बहुतेक लोकांची अबिंदुकता पारपटलामुळे असते. यंगचा डोळा त्याला अपवाद होता.

केरी नावाच्या चष्मेवाल्याने यंगला आणखी एक गोष्ट सांगितली होती. काही गिऱ्हाइकांना भिंग डोळ्यासमोर सरळ धरण्यापेक्षा तिरके धरले तर स्पष्ट दिसते. हे प्रकाशशास्त्राला धरूनच आहे, कारण तिरके धरलेले गोलाकार भिंग थोडेसे दंडगोलासारखे वागते. म्हणजे दुकानात येणाऱ्या लोकांनी आपला उपाय नकळत शोधला होता. पण हे निरीक्षण दुकानात राहिले आणि मोजमाप रॉयल सोसायटीच्या ग्रंथात राहिले.

एअरीचा डावा डोळा

पंचवीस वर्षांनी केंब्रिजमधल्या एका तरुण गणितज्ञाला आपला डावा डोळा वाचनात भागच घेत नाही, असे आढळले. जॉर्ज बिडेल एअरी (१८०१–१८९२) पुढे इंग्लंडचा राजज्योतिषी झाला; त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता. साधे अंतर्वक्र भिंग लावून त्याने पाहिले, पण अक्षरे सुधारली नाहीत. दूरचा दिवा किंवा तारा या डोळ्याने पाहिला तर बिंदूऐवजी लांबट दिसे.

एअरीने काळ्या केलेल्या पुठ्ठ्याला सुईने छिद्र पाडले, मागून उजेड दिला आणि तो पुठ्ठा डोळ्यापासून मागेपुढे सरकवला. ६ इंचांवर छिद्राची स्पष्ट रेघ दिसली. ती उभ्या रेषेशी सुमारे ३५ अंशांनी कललेली होती. पुठ्ठा जवळ आणताना रेघ आखूड होत लंबवर्तुळ झाली, मग गोल ठिपका झाला, आणि ३.५ इंचांवर पुन्हा रेघ झाली. पण ही रेघ पहिलीला काटकोनात होती. डायॉप्टरमध्ये सांगायचे तर ६.६ आणि ११.२. फरक जवळजवळ ४.७ डायॉप्टर. हा प्रयोग आपण पाठ्यपुस्तकात घेतला तर मुले त्याला अवघड म्हणणार नाहीत.

या दोन आकड्यांवरून भिंग कसे हवे ते एअरीने गणिताने काढले : एक बाजू गोलाकार अंतर्वक्र, दुसरी बाजू दंडगोलाकार अंतर्वक्र. असे भिंग घासून द्यायला कारागीर मात्र सहज मिळेना. अखेर इप्स्विच गावच्या फुलर नावाच्या कारागिराने ते करून दिले, आणि निरुपयोगी ठरलेल्या डोळ्याने एअरी बारीक छपाई वाचू लागला. १८२५ साली त्याने हे काम केंब्रिजच्या तत्त्वज्ञान मंडळापुढे मांडले.

दोषाला नाव मिळाले ते विल्यम ह्यूएलकडून. हा ट्रिनिटी महाविद्यालयाचा विद्वान शब्द घडवण्यात वाकबगार होता. 'सायंटिस्ट' हा शब्द त्याचाच, आणि फॅरेडेला 'ॲनोड', 'कॅथोड' हे शब्दही त्यानेच सुचवले. ग्रीक भाषेत 'स्टिग्मा' म्हणजे बिंदू किंवा खूण. त्याला नकारार्थी 'अ' जोडून 'ॲस्टिगमॅटिझम' शब्द झाला. आपल्या 'अबिंदुकता' शब्दाची घडण तंतोतंत तशीच आहे. एअरीने पुढे अनेक वर्षे आपला डोळा मधूनमधून पुन्हा मोजला. १८४६ साली त्याने सांगितले की निकटदृष्टिता बदलली आहे, पण दोन दिशांमधला फरक जवळजवळ तेवढाच आहे.

दोन रेघांमधली जागा आणि दोषाचे प्रकार

एअरीला दोन रेघा आणि त्यांच्यामध्ये एक गोल ठिपका का दिसला, याची भूमिती शार्ल स्टर्म या गणितज्ञाने मांडली. दोन काटकोनी दिशांत वेगळी वक्रता असलेल्या पृष्ठभागातून किरण गेले की ते एका नाभीत न जमता दोन नाभीय रेघांत जमतात. त्या दोन रेघांमधल्या अंतराला आज स्टर्मचेच नाव आहे. मधल्या एका जागी प्रकाशाचा ठिपका गोल आणि त्यातल्या त्यात लहान असतो. १८४५ च्या सुमारास स्टर्मने यावरून असाही तर्क केला की या मधल्या जागेमुळेच डोळ्याला जवळ-दूर पाहण्यासाठी काही बदल करावा लागत नाही. यंगच्या पाण्याखालच्या प्रयोगाने त्याआधीच वेगळे सांगितले होते, आणि तो तर्क टिकला नाही. भूमिती मात्र टिकली. दोषाचे आजचे प्रकार तिच्यावरच आधारलेले आहेत.

पहिला प्रश्न : दृष्टिपटलाच्या संदर्भात या दोन रेघा कुठे पडतात? एक रेघ दृष्टिपटलावर आणि दुसरी त्याच्या पुढे पडली तर ती साधी निकटदृष्टिक अबिंदुकता. दोन्ही पुढे पडल्या तर संयुक्त निकटदृष्टिक. एक दृष्टिपटलावर आणि दुसरी त्याच्या मागे पडली तर साधी दूरदृष्टिक, आणि दोन्ही मागे पडल्या तर संयुक्त दूरदृष्टिक. एक पुढे व एक मागे असेल तर मिश्र. असे पाच प्रकार झाले.

दुसरा प्रश्न : तीव्र वक्रता कोणत्या दिशेला आहे? ती उभ्या दिशेला असेल तर दोषाला 'नियमानुसार' म्हणतात, कारण तरुण डोळ्यांत बहुधा असेच आढळते. ती आडव्या दिशेला असेल तर 'नियमाविरुद्ध'. वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. दोन्हींच्या मधे असेल तर 'तिरकी'.

तिसरा प्रश्न : दोन मुख्य दिशा एकमेकींना काटकोनात आहेत का? असतील तर दोष 'नियमित' आणि दंडगोलाकार भिंगाने सुधारण्याजोगा. पारपटलावर जखमेचा व्रण असेल किंवा ते शंकूसारखे पुढे येत असेल, तर प्रत्येक भागाची वक्रता वेगळी होते. ही 'अनियमित' अबिंदुकता. चष्म्याचा कोणताही दंडगोल तिला पुरेसा पडत नाही. १८८८ साली झुरिकमध्ये आडोल्फ फिकने काचेचे स्पर्शभिंग वर्णिले ते अशाच डोळ्यांसाठी. कडक स्पर्शभिंग आणि पारपटल यांच्यामधली खळगी द्रवाने भरून निघतात आणि प्रकाशाला भेटणारा पहिला पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत व गोल होतो.

मुलांना आता एक उदाहरण सोडवायला द्या : यंग आणि एअरी यांचे डोळे कोणत्या प्रकारांत बसतात? विश्रामाच्या स्थितीत दोघांचेही दोन्ही आकडे निकटदृष्टितेचे आहेत, म्हणून दोघांची अबिंदुकता संयुक्त निकटदृष्टिक. यंगची आडवी दिशा अधिक शक्तीची, म्हणून नियमाविरुद्ध. आणि तिचे स्थान आतल्या भिंगात. एअरीच्या रेघा कललेल्या, म्हणून त्याची तिरकी. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा मार्ग मुलांच्या अधिक लक्षात राहतो, असे आम्हाला वाटते.

यूट्रेक्टचे रुग्णालय

एअरीच्या चष्म्यानंतरही सुमारे सदतीस वर्षे अबिंदुकता ही विद्वानांच्या डोळ्यांतली एक गमतीची विकृती मानली गेली. वैद्यकीय लेखनात तिची मोजकीच उदाहरणे नोंदली गेली होती. दरम्यान चष्मा लावूनही स्पष्ट न दिसणाऱ्या असंख्य रुग्णांना डॉक्टर 'दुबळी नजर' असे सांगून परत पाठवत होते.

हे चित्र बदलले नेदरलँड्समधल्या यूट्रेक्ट इथे. फ्रान्स कॉर्नेलिस डाँडर्स (१८१८–१८८९) हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. १८५८ साली त्याच्या पुढाकाराने तिथे नेत्ररुग्णालय सुरू झाले आणि गोरगरीब रुग्णांचे शेकडो डोळे त्याच्यासमोर येऊ लागले. १८६२ मध्ये त्याने अबिंदुकता आणि दंडगोलाकार भिंगे यांवर स्वतंत्र पुस्तिका काढली. १८६४ मध्ये समायोजन आणि अपवर्तन यांच्या दोषांवरचा त्याचा मोठा ग्रंथ लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात त्याने दाखवून दिले की थोडीशी अबिंदुकता जवळजवळ प्रत्येक डोळ्यात असते, आणि दुबळ्या म्हणून सोडून दिलेल्या नजरांपैकी कितीतरी योग्य दंडगोलाने सुधारतात.

डाँडर्सने नवे तत्त्व शोधले नव्हते. तत्त्व यंगचे होते, चष्मा एअरीचा होता. त्याने दिली ती रोज वापरता येईल अशी पद्धत. धातूच्या चकतीत एक अरुंद फट पाडायची, ती डोळ्यासमोर फिरवायची आणि कोणत्या दिशेत सर्वांत स्पष्ट दिसते हे रुग्णालाच विचारायचे. त्या दिशेसाठी भिंग निवडायचे, मग काटकोनातल्या दिशेसाठी निवडायचे. दोन्हींतला फरक हाच दंडगोलाचा नंबर. याच रुग्णालयात डाँडर्सचा सहकारी हेर्मान स्नेलन याने १८६२ साली अक्षरांचा प्रमाणित तक्ता तयार केला, त्यामुळे 'बरे दिसते' या उत्तराला आकडा मिळाला. त्याच वर्षी जर्मनीत हेर्मान क्नापने हेल्महोल्ट्झच्या उपकरणाने जिवंत डोळ्याच्या पारपटलाची वक्रता दोन दिशांत मोजून दाखवली.

बाकीची साधने एकापाठोपाठ एक आली. जुने नंबर इंचांत असत, त्यामुळे १० आणि ७ यांमधला फरक काढायला अपूर्णांकांची वजाबाकी करावी लागे. १८७२ साली मोनोयेने डायॉप्टर हे एकक सुचवले आणि ती साधी वजाबाकी झाली. १८८१ साली जाव्हाल आणि शिऑट्झ यांचे पारपटल मोजण्याचे उपकरण आले; ते नेत्रतज्ज्ञांच्या नेहमीच्या वापरात गेले. स्टोक्सने १८४९ मध्ये सम आणि विरुद्ध शक्तीचे दोन दंडगोल एकत्र ठेवण्याची कल्पना मांडली होती. तिच्यावरून एडवर्ड जॅक्सनने १८८७ मध्ये फुलीचे दंडगोल भिंग वापरात आणले. चष्म्याचा नंबर काढताना एक लहान भिंग उलटसुलट करून 'हे बरे की ते?' असे जे विचारतात, ते हेच.

मग साठ वर्षे का लागली? आमच्या मते याची कारणे तीन. यंगच्या आणि एअरीच्या पद्धतीत रुग्ण स्वतःच निष्णात निरीक्षक असावा लागे. सामान्य माणसाला प्रश्न कसा विचारायचा हे कुणी ठरवले नव्हते. दुसरे, तसे भिंग दुकानात तयार मिळत नव्हते. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण असे, की ज्यांना दोष होता ते तक्रार करत नव्हते आणि ज्यांच्याकडे उपाय होता ते त्यांच्यापर्यंत जात नव्हते. डाँडर्सच्या रुग्णालयात या दोघांची गाठ पडली.

आपल्या वर्गात

हे तिसरे कारण आजही शिल्लक आहे. सहा-सात वर्षांचे मूल 'मला आडव्या रेघा ठळक आणि उभ्या पुसट दिसतात' असे म्हणणार नाही. ते डोळे बारीक करील, मान वाकडी करील, फळ्यावरचे उतरवताना चुकेल, आणि आपण त्याला निष्काळजी म्हणू.

देवनागरी लिपीच्या संदर्भात हा विचार करून पाहण्यासारखा आहे. आपल्या अक्षरांत शिरोरेषा आडवी आणि काना उभा. समजा, एखाद्या डोळ्यात प्रत्येक बिंदू आडवा पसरतो. अशा डोळ्याला शिरोरेषा ठळकच दिसेल, कारण आडव्या रेघेचे बिंदू आडवे पसरले तरी रेघेवरच पडतात. काना मात्र जाड आणि फिका होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिरोरेषेतली लहानशी मोकळी जागा दोन्ही बाजूंनी भरून येईल. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला भेद ओळखण्यात तर या मोकळ्या जागेचा मोठा वाटा असतो. उलट, बिंदू उभा पसरत असेल तर काने ठळक राहतील, शिरोरेषा पुसट होईल आणि वरचा अनुस्वार तिच्यात मिसळेल. 'धर' ऐवजी 'घर' वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला अबिंदुकता आहे असा याचा अर्थ नव्हे. पण शुद्धलेखनाच्या चुकांकडे पाहताना डोळ्यांची शक्यताही मनात ठेवावी, एवढे नक्की म्हणता येईल.

सोपी चाचणी अशी. फळ्यावर घड्याळाच्या तबकडीप्रमाणे मध्यापासून बारा दिशांना सारख्या जाडीच्या सरळ रेघा काढा. मुलाला तीन-चार मीटरवर उभे करा, एक डोळा तळहाताने न दाबता झाका आणि विचारा, 'कोणत्या रेघा जास्त काळ्या किंवा ठळक दिसतात?' (फळा काळा असेल तर 'जास्त पांढऱ्या'.) मग दुसरा डोळा. एखाद्या दिशेच्या रेघा ठळक आणि त्यांना काटकोनातल्या पुसट असे उत्तर सातत्याने आले, तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायलाच हवे. सगळ्या रेघा सारख्या दिसल्या म्हणून मात्र डोळा निर्दोष ठरत नाही. दोन नाभीय रेघांमधला गोल ठिपका नेमका दृष्टिपटलावर पडला तर सर्व रेघा सारख्याच पुसट होतात. म्हणून ही चाचणी शंका घेण्यासाठी आहे, निदानासाठी नाही.

ज्यांच्याकडे चष्मा आहे त्यांच्यासाठी दुसरा प्रयोग. चष्मा डोळ्यांपासून हातभर दूर धरून भिंगातून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा आणि चष्मा घड्याळाच्या काट्यांसारखा हळूहळू फिरवा. भिंगातली कड बाहेरच्या कडेपासून तिरपी होताना दिसली तर त्यात दंडगोल आहे. नुसत्या गोलाकार भिंगात ती तिरपी होत नाही.

याच कारणाने नवा सिलिंड्रिकल नंबर लागलेल्या मुलाला काही दिवस जमीन उतरती दिसते, टेबल वाकडे दिसते. ते चष्मा काढून दप्तरात ठेवते. त्याला समजावून सांगावे लागते की हे काही दिवसांत जाते. इथे एक जुना वादही वर्गात घेता येईल. एल ग्रेको या चित्रकाराच्या (१५४१–१६१४) लांबट मानवाकृतींचे कारण त्याची अबिंदुकता असावी, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले गेले. मुलांना विचारा, यात काय चुकले? त्याला माणूस लांबट दिसत असेल तर त्याने काढलेले चित्रही त्याला तेवढेच लांबट दिसणार. दोन्ही त्याला सारखे दिसायचे असतील तर चित्र मूळ प्रमाणातच यायला हवे.

शेवटचा मुद्दा वेळेचा. १९७२ साली फ्रीमन, मिचेल आणि मिलोडो यांनी दाखवले की लहानपणापासून मोठी अबिंदुकता असलेल्या काही लोकांना पुढे अचूक चष्मा दिला तरी एका दिशेतले बारीक तपशील नीट दिसत नाहीत. त्या दिशेची स्पष्ट प्रतिमा बालपणी मेंदूपर्यंत पोचलेलीच नसते, त्यामुळे मेंदूची ती जडणघडण अपुरी राहते. भिंग प्रतिमा सुधारते. ती वाचण्याची सवय लहान वयातच लागावी लागते. म्हणून पहिली-दुसरीत घेतलेली शंका आणि आठवी-नववीत घेतलेली शंका यांची किंमत सारखी नसते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दृष्टीची तपासणी समाविष्ट आहे. तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा कोणत्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावे, हे त्या पथकाला माहीत नसते; वर्गशिक्षकाला माहीत असू शकते. त्या दिवसाआधी बारा रेघांचा तक्ता फळ्यावर काढून ठेवावा, ज्यांची उत्तरे वेगळी आली त्यांची नावे एका कागदावर लिहावी, आणि तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा.